कुंपण, आणखी दीड फूट

४ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. ट्रकवाल्याने कपाटाचा पाय मोडला आणि वर मलाच सांगितलं की तो आधीपासून तसाच होता. मी त्याला ते पावतीवर लिहून सही करायला सांगितलं, तेव्हा पाय कसा मोडला ते त्याला लख्ख आठवलं. तर सुरुवात झकास झाली.

घर चांगलं आहे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली. ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकीतून मागचं अंगण दिसतं. अंगणापलीकडे पायवाट, तिच्यापलीकडे उंच भिंत आणि मोकळी जागा. इतकी वर्षं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून काढल्यावर, जिथे फक्त दोनच माणसं राहतात अशा घराची किल्ली हातात येणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. किल्ली मी खिशात ठेवून दोनतीनदा चाचपली.

अंगणाला पांढरंशुभ्र कुंपण आहे, माझ्या कमरेच्या जरा वर येईल एवढं. दलाल (दात कायम बाहेर, म्हणून याचं नाव सदाहसरा) ते दाखवताना ‘व्हिनाइल’ असं म्हणाला, जसं काही हस्तिदंतच. प्लॅस्टिक आहे. आतून पोकळ खांब, त्यांत अडकवलेल्या पोकळ फळ्या, खांबांवर टोप्या. पण धुतलं की स्वच्छ होतं आणि रंग मागत नाही. माणसांबद्दल एवढंही म्हणता येत नाही.

धाकटीने बाकी काही उघडायच्या आत एक खुर्ची काढली आणि अंगणात नेऊन बसली. माझी बहीण पन्नाशी ओलांडून गेली आहे, पण नवं घर म्हटलं की तिला अजून सहल वाटते. मी रागावले नाही. आज मलाही वाटली.

७ फेब्रुवारी

या रस्त्यावरच्या लोकांना स्वतःच्या घरात बसवत नाही. सगळ्यांची कुंपणं कमरेएवढी, आणि प्रत्येक कुंपणावर कोणाची तरी कोपरं टेकलेली. सकाळी टेकतात, संध्याकाळी टेकतात. काय आणलंत, कुठे निघालात, पाहुणे कोण होते. वसतिगृहात मुली चौदा-पंधरा वर्षांच्या असताना असं करतात. मग मोठ्या होतात. इथे कोणी मोठं झालेलं दिसत नाही.

आणि आमच्याकडे धाकटी. तिच्या तोंडाला झाकण नाही. प्रत्येक गोष्ट ‘अगं ताई, काय झालं माहितेय का’पासून सुरू होते आणि भाजीवाल्याच्या तराजूपर्यंत यायला अर्धा तास लागतो. मी मुद्द्याचं बोल म्हणते. मग ती मुद्दा विसरते. माझ्यापुढे ती थांबते तरी. कुंपणापाशी कोण थांबवणार? समोरच्या घरातली बाई, जिचं नाव मी बातमीदारीण ठेवलं आहे, आज मला रस्त्यात थांबवून म्हणाली की रक्तदाबाला मीठ कमी करा. माझा रक्तदाब! पुढे आवाज खाली आणून म्हणाली की साखरपुडा मोडला ते एका अर्थी बरंच झालं, माणूस आधीच कळला.

माझा चाळीस वर्षांपूर्वीचा साखरपुडा. घरी येऊन मी धाकटीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, अगं, त्या विचारत होत्या गं.

कुंपण वाढवायचं. ठरलं.

१२ फेब्रुवारी

कुंपणवाला आला. याला काहीही विचारा, उत्तर एकच: बघू, करू. होईल का? बघू, करू. कधी? बघू, करू. तेव्हा याचं नावही तेच. पण काम समजावून सांगताना शुद्धीवर येतो. खांबाची टोपी गोंदाने चिकटवलेली असते, ती रबरी हातोडीने ठोकून काढायची. पोकळ खांबात अ‍ॅल्युमिनियमची नळी घालायची, अर्धी आत, अर्धी वर. वर राहिलेल्या भागावर खांबाचा नवा तुकडा बसवायचा, बाजूने स्क्रू, स्क्रूवर पांढऱ्या टिकल्या, मग टोपी परत वर. दोन खांबांच्या मध्ये फळ्या. झालं. याला कारागिरी म्हणतात आणि त्याचे कपडे पाहता फार दिवसांनी कोणी म्हणत असावं.

तो मापं घेत असताना बातमीदारीण फाटकाशी येऊन उभी राहिली. मला म्हणाली, बाई, एवढं उंच नका करू, आपल्या रस्त्यावर कोणी करत नाही. मी म्हटलं म्हणूनच करते आहे. ती धाकटीकडे बघत राहिली. धाकटी लगेच चहाला विचारायला निघाली होती; मी तिला आत पाठवलं.

१५ फेब्रुवारी

दोन फूट वाढलं. आता माझ्याही डोक्यावरून जातं. बघूकरूने दोनदा पातळी तपासली, टोप्या बसवल्या, आणि सरळ रेषेत बसलंय ना मॅडम असं चारदा विचारून माझ्याकडून चांगलं म्हणवून घेतलंच.

अंगणात आता आकाश आणि पांढऱ्या फळ्या. कोपरं नाहीत, दात नाहीत. पायवाटेवरून कोणी गेलं तर फक्त चपलांचा आवाज येतो, तोही थबकतो आणि पुढे जातो. हिरमुसत असतील. हिरमुसोत.

धाकटी खुर्ची फळ्यांच्या समोर घेऊन बसते. शिक्षा झालेल्या मुलीसारखी. मी म्हटलं, दुसरीकडे तोंड कर की. ती म्हणाली, दुसरीकडे काय आहे? घर आहे, म्हटलं. मी आहे. यावर ती काही बोलली नाही, आणि न बोलणं तिला शोभत नाही.

२० फेब्रुवारी

दुपारी ओट्यापाशी होते. धाकटी अंगणात बोलत होती. आधी वाटलं एकटीच बरळते आहे. गेल्या चारपाच दिवसांत तिने तेही सुरू केलं आहे. खिडकीतून पाहिलं तर कुंपणाच्या वर एक चेहरा.

बाईचा. हनुवटीपासून वर सगळा. केस चापूनचोपून बसवलेले, भांग सरळ, हसू बेतशीर. हनुवटी फळीच्या कडेवर ठेवलेली, बरणीवर झाकण ठेवावं तशी. म्हणजे यांची हौस पाहा! कुंपण उंच केलं तर स्टूल आणलं. एक बाई भर दुपारी पायवाटेवर स्टूल घेऊन येते, त्यावर चढते आणि दुसऱ्याच्या अंगणात डोकं ठेवते.

मी बाहेर जाऊन तिला सुनावलं. म्हटलं, शिष्टाचार नावाची एक गोष्ट असते, तुमच्या आईने शिकवली नसेल तर मी शिकवते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. धाकटीकडे बघतच खाली गेली. वळली नाही, वाकली नाही. विहिरीत सोडलेल्या बादलीसारखी सरळ खाली.

धाकटी रडकुंडीला आली. म्हणाली, ताई, माझं वाक्य पुरं व्हायचं होतं.

२३ फेब्रुवारी

ती रोज येते. मी बाजारात गेले की येते, अंघोळीला गेले की येते. धाकटीला विचारलं कोण, कुठली, कोणत्या घरातली. तिला यातलं काही माहीत नाही! जगाला माझा रक्तदाब सांगणाऱ्या बाईला समोरच्याचं नाव विचारायचं सुचलेलं नाही. म्हणाली, ती काही सांगत नाही, ऐकते. मध्ये फक्त ‘मग?’ म्हणते.

तेवढंच?

तेवढंच. पण काय छान म्हणते गं, असं म्हणून धाकटी लाजली. या वयात! म्हणाली, मला वाटतं की मी काहीतरी महत्त्वाचं सांगते आहे.

माझ्या बहिणीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस एकतर बहिरं असेल नाहीतर त्याला काहीतरी हवं असेल. मी तिला तसं सांगितलं. स्पष्टच सांगितलं. ती हसली आणि मान चोळत अंगणात गेली. सारखं वर बघून मान दुखते म्हणे.

२५ फेब्रुवारी

आज तिला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. बाजारात जाते असं मोठ्याने सांगून पुढच्या दाराने निघाले आणि घराला वळसा घालून पायवाटेवर आले.

पायवाट रिकामी होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आमचं कुंपण, मध्ये सुकलेलं गवत. स्टूल नाही. गवत कुठे दबलेलं नाही. आतून धाकटीचा आवाज येत होता: आईच्या आजारपणात ती एकटी दवाखान्यात कशी बसायची, आणि ताईने एकदाही विचारलं नाही. मी कुंपणाला लागून उभी होते.

मग?

अगदी माझ्या डोक्यावरून आलं ते.

मी वर पाहिलं. पांढरी कड होती आणि आकाश होतं. दुसरं काही नव्हतं. आवाज मऊ होता, सांभाळून ठेवल्यासारखा.

लपली असेल. लपायला जागा नाही हे मला दिसत होतं, पण म्हणून काय झालं? कॉलेजात मी तर्कशास्त्र घेतलं होतं. माणूस दिसलं नाही तर ते दुसरीकडे असतं. एवढं सोपं आहे.

बघूकरूला निरोप धाडला.

२७ फेब्रुवारी

बघूकरू म्हणतो आणखी बंद फळ्या नकोत, वारा धरेल आणि सगळं कुंपण कलंडेल. वर जाळी बसवू, चौकटीचौकटीची, वारा पार होतो आणि दिसायलाही बरी. किती वाढवायची? दीड फूट. करा म्हटलं. सात फुटांवर हनुवटी टेकवायला बाई शिडी घेऊन आली तर मी टाळ्या वाजवीन.

बातमीदारीण पुन्हा आली. या वेळी फाटकाच्या आत पाऊल टाकेना. मला म्हणाली, इथे कुंपण कमरेएवढंच ठेवायचं असतं. का, विचारलं. म्हणाली, बोलायला कोण आलंय त्याचे पाय दिसायला हवेत म्हणून. गॅस बंद केलात का असं विचारावं त्या आवाजात म्हणाली. पुढे म्हणाली, आमचे लोक कुंपणावर येऊन टेकतात ते काय हौस म्हणून नाही, बाई. एकटं माणूस कोणाशी बोलतंय त्यावर लक्ष ठेवायला टेकतात. तुमच्या धाकट्या बहिणीला आम्ही उगाच नव्हतो बोलतं ठेवत.

एवढी मोठी बाई. डोळ्यांवर चष्मा, हातात वर्तमानपत्र. मी तिला विचारलं की तुम्ही कितवीपर्यंत शिकलात. ती वळून निघाली. रस्ता ओलांडताना तिने दोनदा मागे वळून आमच्या फळ्यांकडे पाहिलं.

२८ फेब्रुवारी

जाळी बसली. छान दिसते. संध्याकाळी तिच्या चौकटींची सावली अंगणभर पडली होती. कोणी आलं नाही.

धाकटी जेवली नाही.

१ मार्च

आली.

सकाळी. धाकटी खुर्चीत, मान मागे टाकून. आणि जाळीच्या वर, अगदी कडेवर, तशीच हनुवटी. तोच भांग. तेच हसू. जाळी जणू कोणी तिच्यासाठीच बसवली होती.

मी ओट्यापाशी उभी होते आणि मला बरं वाटलं, हे मला लिहून ठेवायचं आहे. कारण जाळीतून आता पलीकडचं दिसणार होतं. शिडी दिसेल, पदर दिसेल, खांदे दिसतील, आणि मी पोलिसांना सांगू शकेन.

खांदे नव्हते.

हनुवटीच्या खाली मान होती. एका चौकटीत मान. तिच्या खालच्या चौकटीत मान. जाळी संपते तिथपर्यंत, दीड फूट, मान. फळ्यांच्या मागे ती तशीच पुढे खाली जात होती.

मी खिडकी लावली. नंतर बराच वेळ माझ्या हातात सुरी होती.

२ मार्च

मागच्या दाराला कुलूप घातलं. धाकटी दाराशी बसून आहे. मी पाहिलेलं तिला सांगितलं. तिला माहीत आहे! पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणाली, अगं ताई, असते एकेकाची ठेवण. तुझ्या आवाजाला आम्ही कधी काही म्हटलं?

एरवी मी हसले असते.

बाहेरून आवाज येतो. मग? मग? घाई नाही. धाकटी दाराच्या फटीला तोंड लावून सांगत राहते. लहानपणचं. वसतिगृहाच्या खोलीत मी तिला माझ्याजवळ आणून ठेवलं तेव्हाचं. मी तिला ओढून आत आणलं. ती हलकी लागली.

३ मार्च

मान दुखते म्हणाली म्हणून बाम चोळायला बसले. तिने केस बाजूला केले. मी कानामागून सुरुवात केली आणि बोटं खाली नेत गेले. खाली. खांदा येईना. मी बोलत होते काहीतरी, बाम कुठल्या दुकानात मिळाला ते, आणि हात जात होता, अजून जात होता —

खांदा आला. आला शेवटी.

मी बाटलीचं झाकण लावलं. ती म्हणाली, किती दिवसांनी हात लावलास गं.

४ मार्च

बघूकरूला सांगितलं, सगळं उतरव. जाळी, फळ्या, सगळं. खांब मुळापासून काप हवं तर. तो म्हणतो दुसरीकडे काम चालू आहे. कधी येतोस? बघू — मी ओरडले त्याच्यावर. परवा येतो म्हणाला.

बातमीदारणीकडे जाऊन उभी राहिले. मी. तिच्या कमरेएवढ्या कुंपणाला हात टेकून. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. काय करू, विचारलं. म्हणाली, उतरवा, आणि उतरवेपर्यंत बहिणीला क्षणभर एकटं सोडू नका. तुम्ही बोला तिच्याशी, बाई. तुम्ही बोला.

मी घराबाहेर होते तेव्हा धाकटी कुठे होती? आतच होती. कुलूप होतं.

५ मार्च

बोलायला बसले. काय बोलायचं ते सुचेना. तिला म्हटलं, तूच सांग. तिने सांगायला सुरुवात केली, अगं ताई, काय झालं माहितेय का, आणि अर्ध्यावर मी म्हणाले —

सवयीने म्हणाले. मुद्द्याचं बोल.

तिचा चेहरा मिटला.

दुपारी मीच कुंपण उतरवायला घेतलं. स्क्रूवरच्या टिकल्या निघेनात. सुरीचं टोक मोडलं. टोपी गोंदाने घट्ट. पेचकस आणायला आत आले, कपाटात शोधला, खणात शोधला. दार —

दार मी उघडं टाकलं होतं.

६ मार्च

खुर्ची जागेवर. चपला कुंपणापाशी, जोडीने, टाचा एका रेषेत.

पोलीस आले. पायवाट पाहिली. कोणत्या रंगाचे कपडे, कोणाशी भांडण झालं होतं का. दोघांपैकी एकाने विचारलं की एवढं उंच कुंपण कशाला. त्याला काय सांगू? कुंपण उतरवणारा कुठे आहे म्हणे. आला नाही. बघूकरू आला नाही.

बातमीदारीण तिच्या कुंपणाशी उभी आहे. दिवसभर. काही बोलत नाही. तिने बोलावं.

७ मार्च

धाकटी आली.

सकाळी. वर. हनुवटी जाळीच्या कडेवर. केस चापून बसवलेले, भांग सरळ — कधी नव्हता तिचा सरळ भांग. हसते आहे. चांगली आहे. अगं ताई, म्हणाली.

मी खुर्चीत बसले. ती बोलली. भाजीवाल्याचं, आईचं, दवाखान्यातलं. सगळं. शेवटपर्यंत. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

जाळीकडे पाहिलं नाही. फक्त तोंडाकडे.

८ मार्च

बघूकरू आला आहे. परवाच येणार होतो म्हणतो, मॅडम, सॉरी. स्क्रू काढायचं यंत्र हातात घेऊन उभा आहे. वर पाहत नाही. आल्यापासून एकदाही वर पाहिलेलं नाही त्याने. कुठून सुरू करू विचारतो.

फळ्या निघाल्या की दिसेल. पाय आहेत की नाहीत. एक काय ते कळेल. मला आयुष्यभर तेच हवं होतं, स्पष्ट —

आणि नसले तर? तर ही गेली. मग हे तोंडही गेलं.

ती बोलते आहे. ताई, नको काढूस गं. आत्ता कुठे आपण बोलायला लागलो.

सांगितलं त्याला. काढू नकोस. जाळी झाक. बंद फळ्या लाव जाळीच्या जागी. तो म्हणतो वारा धरेल, पडेल. पडू दे. मला जाळीतलं दिसायला नको, बाकी काही नको, तोंड तेवढं दिसलं तरी —

यंत्र टाकून गेला तो. पळाला. मूर्ख.

ती विचारते काय लिहितेस. सांगते, थांब, वाचून दाखवते. एवढ्या लांबून ऐकू येत नाही म्हणते. थांब की. मी उठते, जवळ —

उठायला नको म्हणते. तीच येते. वाकते आहे. कुंपणाच्या अलीकडे, खाली, अजून खाली, वहीपर्यंत, केसांचा वास येतो, आणि मागून ते अजून येतंच —